त्याने स्वतःचा तांबो बांधला नाही

"मॅडम, तुमचा तांबो चुकीच्या जागी हाय."

सुनिल दीपिकाशी पहिल्यांदा बोलला ते हे. नमस्कार नाही, कुठून आलो ते सांगणं नाही. दारात उभा, केसांतून पाणी निथळतंय, खांद्यावर तारेचं वेटोळं, हातात शिडी... आणि डोळे तिच्या कॉम्प्युटरवर.

दीपिका दचकली. मग चिडली.

"माझ्या तांबोशी तुमाले काय करायचं? तुमी इंटरनेटचा डबा पाहा. काल वीज पडली तेव्हापासून बंद हाय."

"डबा पाहतो ना. पण तांबो नदीच्या पल्याड पाह्यजे होता. इथी तं लुटतील तुमाले."

"लुटू द्या."

"बरं," तो म्हणाला, आणि शिडी लावून वर चढला.

पाच मिनिटांनी वरून आवाज आला, "मॅडम... लुटलं काय?"

लुटलं होतं.

मी मागच्या दारात सूप घेऊन लाखोरीची डाळ निवडत बसले होते. मला हसू आलं ते मी सुपात लपवलं.

दीपिका माझ्या धाकट्या भावाची, गुणवंताची एकुलती एक मुलगी. सावलीच्या बाजारओळीत तिचं ऑनलाईनचं दुकान आहे. सातबारा, दाखले, परीक्षांचे फॉर्म असं सगळं ती भरून देते. दुकानाच्या मागे आमचं घर, आणि गावाबाहेर चार बांध्या धानाच्या, भाताची खाचरं. तिची आई गेली तेव्हा ती अकरावीत होती. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. पंधरा वर्षं तर नुसती जंगलातल्या गावांत काढली. निवृत्त झाले आणि भावाकडे राहायला आले. तेव्हापासून त्या मागच्या दारात मी आणि माझं सूप.

दुकानातला कॉम्प्युटर तिनं चंद्रपुरात एका बंद पडलेल्या कॅफेतून जुना घेतला होता. त्यात आधीच्या कोणाचा तरी हा खेळ तसाच राहून गेला होता. साईट अडकली, गिऱ्हाईक नसलं, की ती खेळायची. जुन्या काळच्या राज्यांचा खेळ. तिचं राज्य इंका लोकांचं. दूर कुठल्या तरी डोंगरातले ते लोक. त्यांच्याकडे घोडा नाही, बैल नाही. लांब मानेचं एक जनावर असतं, लामा म्हणतात, त्याच्या पाठीवर माल लादायचा. डोंगरातून वाट जाते, आणि त्या वाटेवर व्यापारासाठी एक दगडी इमारत बांधायची. तोच तांबो. लामांची रांग तिथं थांबते, माल उतरतो, आपलं कोठार भरतं. शत्रू चालून आला की शेतातली माणसं धावत त्या तांबोत शिरतात, आणि आतून बाण सोडतात. दुकानही तेच आणि गढीही तीच. एरवीही माणसं आत ठेवता येतात. आत जितकी माणसं राबतील तितके लामा लवकर येतात.

एवढं मला समजायला दोन महिने लागले. त्यापुढचं अजूनही समजत नाही.

डबा सुरू झाला. सुनिल शिडी खांद्यावर घेऊन निघाला, उंबऱ्यापाशी थांबला.

"मीबी खेळतो," तो म्हणाला. "गडचिरोलीत खोली हाय माझी. ड्युटी सुटली की. दोघं मिळून खेळता येते... एका बाजूनं."

"मले एकटीनं खेळता येते."

"हो, पाह्यलं ना आता."

ती इतकी रागावली की पावतीवर सही करताना पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. आणि संध्याकाळी सहा वाजता, दुकानाचं शटर अर्धं ओढून, ती त्याला खेळाचं आमंत्रण पाठवत होती. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

मग ते रोजचंच झालं. सहा ते सात. फोन टेबलावर उभा करून ठेवलेला, त्यातून सुनिलचा आवाज. एक तांबो तिचा, एक त्याचा, आणि पलीकडे मशीनचा शत्रू. दोघांचं बोलणं ऐकून रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, यांची कुठं तरी मोठी जमीनदारी आहे.

"दीपिका, तुझे लामा माझ्या हद्दीत चरून राह्यले."

"चरू दे. तुझं गवत काय मोजून ठेवलं हाय?"

"चरू दे म्हणतो मी तं... पण सांगायचं असते का नाई?"

"कोणाले?"

"मालकाले."

"मालक! लाकूड संपलं तुझं, मालक."

"मग दे ना थोडं."

"काऊन देऊ?"

फोनमधून हळूच, "...असंच."

ती लाकूड पाठवायची. पाठवून झाल्यावर उगाच पदर नसलेल्या खांद्यावर हात फिरवायची. पंजाबी ड्रेस घालणारी मुलगी!

सुनिल उसेंडी धानोऱ्याच्याही पुढचा, जंगलातल्या गावचा. घरात आई, दोन थोरले भाऊ, त्यांची शेती. हा सगळ्यांत धाकटा. घरी गोंडी बोलायचा, आमच्याशी जपून जपून मराठी, आणि भेटल्यावर छातीशी हात नेऊन "जोहार, बाई" म्हणायचा. मला ते फार आवडायचं. नोकरी सुटल्यापासून मला कोणी जोहार केलेला नव्हता.

भाद्रपदात तो रविवारी घरी यायला लागला. पहिल्यांदा तार तपासायला. दुसऱ्यांदा तार तपासायला. तिसऱ्या रविवारी तार चांगली आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं, तेव्हा त्यानं कारण सांगितलंच नाही. आला, गोठ्याचं वाकलेलं दार पाहिलं, ते काढून पुन्हा बसवलं. पुढच्या रविवारी विहिरीवरचा पंप उघडून बसला. त्यानंतर बांधीचा फुटलेला धुरा, कडेचा मातीचा बांध. गुणवंता पैसे देऊ लागला तर हात मागे घेतले.

"काऊन करतेस हे सगळं?" दीपिकानं एकदा चहा देताना विचारलंच.

"दार वाकलं होतं."

"ते पाच वर्षांपासून वाकलं हाय."

"मग? पाच वर्षं झाली म्हणून काय सरळ करू नये?"

"सरळ उत्तर दे ना."

तो चहाच्या कपाकडे पाहत राहिला. कान लाल. "तुमच्याकडे चहात अद्रक जास्त टाकतेत," एवढंच म्हणाला.

आत येऊन दीपिका माझ्यापाशी बसली. "आत्या, हा पोरगा येडा हाय काय?"

"मला काय माहीत?"

"पैसे घेत नाई, काही बोलत नाई. आला का राबते. कोणाले वाटल बाबानं गडी ठेवला." मग थोडं थांबून, "बरं, माझ्याकडे पाहते तं... लगेच दुसरीकडे पाहते. म्हणजे पाहते का नाई पाहत, तेच समजत नाई."

"तू पाहतेस ना? मग तुला दिसायला पाहिजे."

"मी काऊन पाहू?" असं म्हणून ती उठून गेली. खिडकीकडे गेली. खिडकीतून गोठा दिसतो.

तिच्या मनात काय होतं हे तिला सांगता आलं नसतं, पण मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. दोन स्थळं तिनं घालवली होती. एक नागभीडचं, एक ब्रम्हपुरीचं. दोन्ही चांगली. दोन्ही वेळा गाडी एकाच ठिकाणी अडली होती — लग्नानंतर दुकान बंद करून तिकडे यायचं. बाबांचं पाहायला कोण, असं तिनं विचारलं की समोरची माणसं समजूतदारपणे हसायची. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "आता कोणालेच बोलवू नका. मी इथीच राहतो." गुणवंता त्या दिवशी जेवला नाही. आपल्यामुळे पोरगी बसली, हे त्याच्या मनात रुतलं होतं. तो ते बोलत नसे. बांधीवर जाऊन बसे.

म्हणून सुनिल आवडायला लागला तेव्हा दीपिका जास्तच फटकून वागू लागली. आवडून करायचं काय? आज ना उद्या तोही म्हणणारच, चल.

दिवाळी झाली. धानं पिवळी पडली. आणि एका संध्याकाळी तो खेळात विचित्र वागला.

मी शेजारीच होते. पडद्यावर डोंगर, वाट, दीपिकाचा तांबो. सुनिलनं त्या दिवशी आपला तांबो बांधलाच नाही. घरं नाहीत, कोठार नाही, काहीच नाही. त्याची माणसं खालच्या कोपऱ्यातून निघाली आणि एकामागं एक चालत चालत दीपिकाच्या तांबोत शिरली. लामा भराभर येऊ लागले. दीपिकाचं कोठार भरू लागलं.

"सुनिल, काय करून राह्यला?"

"काही नाई."

"तुझं गाव बांध ना."

"नाई बांधत."

"काऊन?"

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

"तुझ्याच तांबोत राहतो म्हणतो," तो शेवटी बोलला. "राबतो ना. खातो किती? ...तू पाह्य. चालत असल तं."

दीपिकाचा चेहरा मी पाहत होते. आधी गोंधळली. मग लाल झाली. मग एकदम कडक. तिला वाटलं, ह्याला वाटतं मला एकटीला जमत नाही. गोठ्याचं दार, पंप, धुरा, आणि आता हेही. बिचारी दीपिका, तिला मदत करा. गेली सात वर्षं गावातलं प्रत्येक माणूस तिला हेच ऐकवत आलं होतं.

"मले कोणाची मदत नाई पाह्यजे," ती म्हणाली.

पडद्याच्या कोपऱ्यात घंटेचं चित्र आहे. ती दाबली की आतली सगळी माणसं बाहेर येतात. दीपिकानं घंटा दाबली.

ती माणसं बाहेर आली. दारासमोर उघड्यावर उभी राहिली, थोडा वेळ तशीच, जणू कोणी तरी काही तरी म्हणेल. मग वळली आणि आली होती त्या वाटेनं परत चालायला लागली.

"बरं," सुनिल म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "समजलं मले. माफ कर."

"काय समजलं?"

फोन बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता तो आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. रविवारी नाही. दीपिकानं तीन निरोप टाकले: एक रागाचा, एक थट्टेचा, आणि एक नुसताच "?". चौथ्या दिवशी उत्तर आलं. कंपनीला सिरोंच्याला माणूस पाहिजे होता, मी हो म्हटलं आहे, पुढच्या सोमवारी जातो. तुमच्या लाईनसाठी नवीन माणसाचा नंबर देऊन जाईन.

"तुमच्या," दीपिका म्हणाली. "आत्या, पाह्यलं? 'तुझ्या' नाई. 'तुमच्या'." मग माझ्यासमोर फोन आपटून, "एका खेळात हाकललं म्हणून कोणी सिरोंच्याले जाते काय? तिथी तेलुगू बोलतेत. याले मराठी धड येत नाई! मी काय केलं असं? सांग ना. हा आपलं गाव बांधत नव्हता, माझ्याच दारी येऊन राबत होता, जेवणापुरतं मागत होता... मी म्हटलं नको. एवढंच ना?"

माझ्या हातातलं सूप थांबलं.

"पुन्हा सांग," मी म्हणाले.

"काय?"

"आत्ता जे म्हणालीस ते. आपलं घर बांधत नव्हता..."

तिनं पुन्हा सांगितलं. आणि मी एकदम चाळीस वर्षं मागे गेले.

पहिली नेमणूक. तेवीस वर्षांची होते. जंगलातलं तीस घरांचं गाव, पावसाळ्यात चार महिने वाट बंद. ज्या घराच्या पडवीत माझा दवाखाना होता, त्या घरी एक तरुण मुलगा होता, सुकलू. पहाटे लाकडं आणायचा, नांगर धरायचा, गुरं वळवायचा, सगळ्यांत शेवटी जेवायचा. तोंडातून शब्द नाही. घरातली मुलगी सीता त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. मला फार वाईट वाटायचं. एक दिवस मी घरच्या म्हाताऱ्याला चांगलं सुनावलं की गड्याला असं राबवता, निदान आधी जेवू तरी घाला. म्हातारा माझ्याकडे पाहत राहिला. मग इतका हसला की खोकला लागला. आठ दिवस सगळं गाव मला पाहून हसत होतं. सुकलू तर मी दिसले की झाडामागं व्हायचा.

तो गडी नव्हता. नवरदेव होता.

"लमझना म्हणतात त्याला," मी दीपिकाला सांगितलं. "ज्या घरात मुलगा नसतो, तिथं लग्नाचा मुलगा राहायला जातो. आपलं घर सोडून. दोन वर्षं, तीन वर्षं त्या घरचं काम करतो. मुलीला, तिच्या माणसांना बघू देतो, हा कसा आहे ते. पटला, तर लग्न, आणि तिथंच संसार. त्यात त्यांच्याकडे कमीपणा काही नाही. तोंडानं विचारायचं नसतं, दीपिका. काम करायचं असतं. विचारणं तेच."

"आणि... नाई पटला तं?"

मला सांगायची गरजच पडली नाही. तिनं तोंडावर हात ठेवला.

"मी घंटा दाबली," ती म्हणाली.

मग ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. उठली, बसली, परत उठली. "म्हणजे गोठ्याचं दार... धुरा..." आणि एकदम माझ्यावरच उलटली, "तुले माहीत होतं तं बोलली काऊन नाई?"

"मी गोठ्याकडे गोठा म्हणून पाहिलं बाई. एवढ्या वर्षांनी मला काय सुचणार! आणि खेळातलं तर मला लामासुद्धा ओळखू येत नाहीत."

"आता मी काय करू?"

"तुला तो पाहिजे का?"

ती माझ्या सुपातली लाखोरी चिवडू लागली. "मले काहीच समजत नाई, आत्या. इतके दिवस वाटत होतं, हा मले इथून नेईल म्हणून मी भेत होती. आणि हा तं... हा तं इथी यायलेच बसला होता. आता मले कायचं भेव वाटून राह्यलं तेच नाई समजत."

मी गुणवंताला सांगितलं. ते मीच सांगणं बरं होतं. तो खाटेवर बसून सगळं ऐकत राहिला.

"घरजावई?" तो म्हणाला.

"त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे."

"आपल्याकडे हाच हाय ना बाई. लोक हसतील. म्हणतील गुणवंतानं पोरगी दिली नाई, पोरगा आणून बांधला. आणि जातीबाहेरचा."

"हसणारे येतात का तुझे धानाचे भारे बांधायला?"

तो उठून बांधीवर गेला.

शनिवारी आभाळ भरून आलं. धान कापून बांधीत आडवं पडलेलं, पाऊस आला की कोंब फुटणार, वर्षभराची मेहनत काळी पडणार. मजूर दुसऱ्यांच्या बांधीत. रविवारी सकाळपासून आम्ही तिघंच होतो. दीपिका भारे बांधत होती, गुणवंता ते वाहून नेऊन पुंजणं, भाऱ्यांचा ढीग, रचत होता, मी वाकता येईल तेवढी वाकत होते. गार वारा सुटला होता, आणि कापलेल्या धानाच्या काड्यांचा तो वास... तरुणपणी मला तो फार गोड वाटायचा. आता त्यात आधी कंबर दुखते.

धुऱ्यावरून सुनिल येताना दिसला. पांढरा शर्ट, हातात एक कागद. नवीन माणसाचा नंबर. एवढ्यासाठी गडचिरोलीहून, नदी ओलांडून, तेवढाच कागद घेऊन!

"जोहार, बाई." मग दीपिकाकडे न पाहता, "हा नंबर. दुकानात गेलो तं कुलूप होतं."

"ठेव तिथी," दीपिका म्हणाली, हातातली गाठ आवळत.

त्यानं कागद दगडाखाली ठेवला. आभाळाकडे पाहिलं. बांधीत पडलेल्या धानाकडे पाहिलं. एक पाऊल पुढे टाकलं, आणि थांबला. त्याचे हात अक्षरशः अर्ध्यात थांबले. मला समजलं. ज्याला एखाद्या घरानं बाहेर काढलं, त्यानं त्या घरच्या कामाला हात लावायचा नसतो.

दीपिकालाही समजलं असावं. ती सरळ उभी राहिली. केसांत काड्या, गालावर माती.

"तू मले काही विचारलं होतं काय?"

"...विचारलं होतं."

"कवा?"

"भाद्रपदापासून." तो खाली पाहत होता. "तू उत्तर दिलं. झालं ना."

"मी उत्तर नाई दिलं! मले प्रश्नच नव्हता समजला. मले वाटलं तू... कीव करून राह्यला माझी."

"कीव?" तो खरोखरच चक्रावला. "तुझी? माझं गाव पडलं तरी तू तं तीन वेळा एकटीनं जिंकली. माझी कीव केली पाह्यजे कोणी."

दीपिका हसली. हसता हसता डोळे भरले. तो आणखी गोंधळला.

"तोंडानं सांगता येत नव्हतं काय तुले?"

"तोंडानं कोणीबी सांगते. माय म्हणाली, जा, काम करून दाखव. ठेवलं तं राह्य." मग अगदी हळू, "मले तुझं दुकान बंद नाई करायचं. काकाले एकटं नाई सोडायचं. तुले न्यायचं कुठी... हे माझ्या डोक्यातच नव्हतं."

मागे पुंजण्यापाशी काहीतरी पडलं. गुणवंतानं डोक्यावरचा भारा खाली टाकला होता. तो कमरेवर हात ठेवून आमच्याकडे आला. सुनिलसमोर उभा राहिला.

"तुझी माय काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

"मायनंच पाठवलं, काका."

"इकडे लोक हसतील. मलेबी आणि तुलेबी."

"आमच्याकडे नाई हसत."

"इकडे हसतील म्हटलं ना." गुणवंतानं कपाळावरचा घाम पुसला, आभाळाकडे पाहिलं. "दोन-चार महिने हसतील. मग दुसरं काही भेटल त्याईले." आणि वळता वळता, कोणाकडेच न बघता, "पण मी नाई सांगणार. तिचं ती सांगल."

तो पुन्हा पुंजण्याकडे गेला. पहिला थेंब माझ्या हातावर पडला.

सुनिल उभाच. दीपिका उभीच. थेंब वाढू लागले. सुनिलच्या पांढऱ्या शर्टावर एकेक ठिपका उमटू लागला. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे धान भिजतंय! पण मी भाराच बांधत राहिले.

"सिरोंच्याचं काय?" दीपिकानं विचारलं.

"साहेबाले आत्ता फोन करतो. तेलुगू येते अशाले पाठवा म्हणतो. त्याईलेबी बरं पडल."

"अन् एक सांगतो," दीपिका म्हणाली. "दोन-तीन वर्षं तू राबशील अन् मी पाहत बसल, असं नाई होणार. मीबी सोबत करल. अन् तू शेवटी नाई जेवायचं. सगळ्याइच्या संग."

"तुमच्यात चालते?"

"चालवू."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ह्या वेळी दुसरीकडे नाही पाहिलं. भाद्रपदापासून पहिल्यांदाच त्यानं नजर काढली नाही, आणि गोंधळ मात्र तसाच होता चेहऱ्यावर. लहान मुलाला खाऊ समोर ठेवून हात लाव म्हणावं, आणि त्याला ते खरं वाटू नये, तसा.

"म्हणजे..." तो म्हणाला, "म्हणजे... तुझं काय म्हणणं हाय? हो म्हणतेस काय?"

पावसानं आता जोर धरला होता. दीपिकानं पायाशी पडलेला बांधलेला भारा दोन्ही हातांनी उचलला, त्याच्या छातीवर ठेवला, आणि तो पडू नये म्हणून वरून आपले हात तसेच राहू दिले.

"हो म्हणजे हो," ती म्हणाली. "आता चल, पुंजण्यावर ने. भिजते ना."